जनावर कसे आहे आणि धरणारा कसा आहे?



आपल्या सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत खिलार जनावरे फार. खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. दोन्ही ठिकाणी खिलार जनावरांचा मोठा बाजार असतो. जत्रेत जनावरांचे प्रदर्शनही भरते. आपण पाळण्यात बसतो, भेळ खातो आणि कुणाच्या खोंडाचा नंबर आला ते ऐकून घरी येतो. पण नंबर कसा काढतात हे पुष्कळ जणांना माहीत नसते. मलाही नव्हते. ते मला कसे समजले ते सांगतो.

आमच्या घरी पाखऱ्या नावाचा खोंड होता. रंगाने पांढरा, शेपटीचा गोंडा काळाभोर. मार्गशीर्षात आण्णांनी त्याला शेजारच्या गावच्या जत्रेत नेले. आमच्या विहिरीचे काम अर्धे राहिले होते. नंबर आला तर खोंडाला किंमत चांगली येईल, असे आण्णा म्हणत होते. मी हट्ट धरला, "मीच धरणार पाखऱ्याला!" आण्णा म्हणाले, "बरं, धर."

प्रदर्शनात सगळी जनावरे एकत्र उभी करत नाहीत. दातांवरून गट करतात. गाई-बैलांना पुढचे वरचे दात नसतात. खाली आठ असतात. लहानपणी ते दुधाचे असतात, तेव्हा खोंडाला आदत म्हणतात. साधारण दोन वर्षांनी मधले दोन दुधाचे दात पडून मोठे दात येतात, तो दुसा. चार मोठे दात आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला असे म्हणतात. म्हणून परीक्षक आधी तोंड उघडून बघतात. वय चोरता येत नाही. आमचा पाखऱ्या आदत होता.

मग परीक्षक लांब उभे राहून बघतात. पाठ सरळ आहे का, वशिंड कसे आहे, मानेची पोळी फार लोंबत नाही ना, हे बघतात. खिलार जनावराचे तोंड लांबट आणि कपाळ अरुंद असावे. कपाळाच्या मधे उभी खाच असावी. शिंगे मागे जाऊन वर वळलेली व टोकदार असावीत. खूर काळे आणि घट्ट असावेत. नंतर जवळ येऊन कातडीवर हात फिरवतात. निरोगी जनावराची कातडी मऊ आणि केस चकचकीत असतात.

शेवटी जनावर चालवून बघतात. चालल्याशिवाय लंगडे कळत नाही. पुढच्या पायाचा ठसा उमटतो, त्याच्या जवळच मागचा पाय पडला तर चाल चांगली. खिलार बैल चालीसाठीच प्रसिद्ध आहे.

आता माझी चूक सांगतो. कासरा सुटू नये म्हणून मी तो हाताला तीन वेढे गुंडाळला होता. परीक्षक आले तेव्हा माझे लक्ष पिपाणीवाल्याकडे होते. पाखऱ्याचा एक मागचा पाय खड्ड्यात होता, त्यामुळे त्याची पाठ वाकडी दिसत होती. तेवढ्यात कुणीतरी हलगी वाजवली. पाखऱ्या बिथरला आणि पळाला. मी त्याच्या मागे फरफटत गेलो. आण्णांनी आडवे होऊन त्याला धरले. माझ्या हाताचे सालटे निघाले, गुडघा फुटला. पाखऱ्या परत उभा राहीना. त्याचा नंबर आला नाही.

घरी येताना आण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी मारले असते तरी मला बरे वाटले असते. रात्री आबा एवढेच म्हणाले, "आरं, कासरा हाताला कधी गुंडाळू नगं. घडी करून मुठीत धरायचा. जनावर मोठं का माणूस मोठं?"

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टरसाहेब वस्तीवर आले. मी त्यांना रडत रडत विचारले, "माझ्यामुळंच नंबर गेला का?" ते म्हणाले, "खोंड चांगला आहे. पण परीक्षकाला तो दिसायला पाहिजे ना! वाकडा उभा केला तर चांगला खोंडसुद्धा वाकडाच दिसतो." मग त्यांनी मला एक गंमत सांगितली.

अमेरिकेत मुलांची फोर-एच नावाची मंडळे आहेत. त्यांची सुरुवात १९०२ साली ओहायो राज्यात झाली असे मानतात. तिथे ए. बी. ग्रॅहॅम नावाचे शाळांचे अधिकारी होते. त्यांनी मुलामुलींना जमवून शेतीचे लहान लहान प्रयोग करायला लावले. डोके, हृदय, हात आणि आरोग्य हे चारही शब्द इंग्रजीत एच अक्षराने सुरू होतात, म्हणून फोर-एच. त्यांची खूण चार पानांची हिरवी वनस्पती आहे. ही मुले वासरे पाळतात आणि जत्रेत नेतात. तिथे दोन वेगळ्या परीक्षा असतात. एका परीक्षेत वासराचा नंबर काढतात. दुसऱ्या परीक्षेत वासरू धरणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर काढतात! म्हणजे वासरू साधे असले तरी धरणारा पहिला येऊ शकतो. पहिल्याला निळी फीत मिळते.

त्या परीक्षेत काय बघतात? जनावर धुऊन पुसून आणले आहे का. मूल शांत आहे का. चारही पाय नीट ठेवून उभे करता येते का. परीक्षक जिकडे जातील तिकडे मुलाचे लक्ष आहे का. आपण परीक्षक आणि जनावर यांच्या मधे तर येत नाही ना. मग प्रश्न विचारतात : वासराचे वय किती, खायला काय घालतोस, याच्यात खोड काय आहे? खोड लपवायची नसते. आणि कधी कधी परीक्षक म्हणतात, "आता एकमेकांची जनावरे बदला." आपल्या जनावराला आपली सवय असते. परके जनावर ज्याच्या हातात शांत राहते तो खरा हुशार.

हे ऐकून मी ठरवले की चैत्राच्या जत्रेपर्यंत आपण शिकायचे. आण्णांनाही सांगितले. ते म्हणाले, "बघू." मी रोज शाळा सुटल्यावर पाखऱ्याला म्होरकी घालून ओढ्यापर्यंत चालवत असे. दहा पावले चालायचे आणि थांबायचे. थांबला की मानेखाली खाजवायचे. गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यांना आजूबाजूचे पुष्कळ दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून एकदम जायचे नाही. आवाज देत बाजूने जायचे. आबा लांबून पत्र्याचा डबा वाजवत. पहिल्या दिवशी पाखऱ्या उड्या मारायचा. महिन्याने नुसते कान हलवायचा.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची तांबडी कालवड आहे. आम्ही जनावरे बदलून बघितली. पाखऱ्या तिच्याबरोबर मुकाट चालला. कालवड माझ्याबरोबर अजिबात चालेना, कारण मी ओढत होतो. ती म्हणाली, "ओढू नकोस, तू आधी चाल." मी चालायला लागलो तशी कालवडही चालली. हे मला डॉक्टरांनी नाही, तिने शिकवले.

चैत्रात दुसऱ्या एका गावच्या जत्रेत आम्ही गेलो. आदल्या दिवशी पाखऱ्याला धुतले, खरारा केला, शिंगांना तेल लावले. काही लोक शिंगे फार साळतात. तसे करू नये. शिंगाच्या आत जिवंत भाग असतो, तिथे लागले तर रक्त येते. कानातला पिवळा बिल्लाही पुसून घेतला, कारण त्यावरचा बारा आकडी नंबर वाचता आला पाहिजे. २०२२ साली लंपी आजार आला होता तेव्हा आपल्या राज्यात बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती. म्हणून लस टोचलेला दाखलाही आण्णांनी खिशात ठेवला.

या वेळी हलगी वाजली तेव्हा पाखऱ्याने कान हलवले आणि उभा राहिला. परीक्षकांनी मला विचारले, "खोंडात खोड काय आहे रे?" मी म्हणालो, "साहेब, डावं शिंग जरा बाहेर गेलंय." ते हसले. पाखऱ्याचा दुसरा नंबर आला.

त्याच दिवशी पाखऱ्या विकला गेला. मला ते माहीत होते, तरी रडू आले. घेणाऱ्या काकांनी विचारले, "मारतो का?" आण्णा म्हणाले, "पोरगं सांभाळतंय त्याला." हे ऐकून मला नंबरापेक्षा जास्त बरे वाटले. आमच्यात जनावर विकले तरी दावे देत नाहीत. ते आमच्या गोठ्यात खुंटीला आहे. विहिरीचे काम आता सुरू झाले आहे.

आपल्याकडच्या प्रदर्शनात धरणाऱ्या मुलाला वेगळे मार्क नसतात. म्हणून आम्ही चौथीच्या मुलांनी गुरुजींना विनंती केली आहे की येत्या बेंदराला शाळेच्या मैदानावर अशी परीक्षा घ्यावी. ज्यांच्याकडे गाय नाही त्यांनी करडू किंवा कोकरू आणावे. दहा मार्क आम्ही असे ठरवले आहेत :

जनावराची स्वच्छता – २
नीट उभे करणे – २
न ओढता चालवणे – २
प्रश्नांची खरी उत्तरे – २
दुसऱ्याचे जनावर धरणे – २

जो मारील किंवा शेपटी पिरगाळील त्याला शून्य.

पालकांनो, तुम्ही परवानगी द्याल ना? आणि मित्रांनो, एक लक्षात ठेवा : कासरा हाताला गुंडाळू नका!

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा