बोटीत गेलेल्या पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत कुळाची हकीकत सांगताना कधी कधी मध्येच एक वाक्य येते, "ते बोटीत गेले." कोणती बोट, कोणते साल, हे सांगणारी पिढी आता उरलेली नाही. वंशावळीत त्या नावापुढची जागा कोरी राहते. ती कशी भरता येईल, यासाठी हे टिपण.

रेल्वे येण्यापूर्वी बेळगाव-धारवाडकडची माणसे घाट उतरून वेंगुर्ला किंवा कारवार गाठत आणि तिथून आगबोटीने मुंबईला जात. कोकणातून वर आलेल्या कुटुंबांची गावाकडची ये-जा तर पुढेही बोटीनेच चालू राहिली. शिवाय धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या सरकारी कागदांसाठी बेंगळुरूच्या आधी मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे वळावे. ते फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे.

पण पहिला पुरावा घरातच असतो. त्या पूर्वजांचे श्राद्ध कोणत्या तिथीला होते, ते विचारा. 'वैतरणा' ऊर्फ 'विजळी' ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि बेपत्ता झाली, तो दिवस ८ नोव्हेंबर १८८८, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमी. 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकण किनाऱ्यावरच्या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. तेव्हा कार्तिक वद्यातले सुरुवातीचे दिवस होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' १७ जुलै १९४७ ला काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो आषाढ अमावास्या लागण्याचा दिवस. महिना आणि पक्ष जुळला तर जुन्या पंचांगावरून शोध थोड्या दिवसांवर येतो.

इथे एक सावधगिरी हवी. मृत्यूची तिथी माहीत नसेल तर अमावास्येला श्राद्ध करण्याची रीत आहे. त्यामुळे घरात आषाढ अमावास्या पाळली जाते एवढ्यावरून 'रामदास' ठरवू नये. काहीच कळले नाही, एवढाच तिचा अर्थ असू शकतो. देह न मिळाल्यामुळे पुतळा करून दहन केले असेल, तर त्या विधीचा दिवसच पुढे तिथी म्हणून चालत आलेला असण्याचाही संभव आहे.

यानंतर लोक प्रवाशांची यादी मागतात आणि बहुतेकदा निराश होतात. किनाऱ्यावरच्या बोटींत डेकवरच्या उतारूंची नावे लिहून घेण्याचा रिवाज नव्हता. 'वैतरणा'वर नेमकी किती माणसे होती, याचे आकडे आजही जुळत नाहीत. परदेशी जाणाऱ्या बोटींची गोष्ट निराळी. मुंबईहून मोंबासा-दरबानकडे निघालेल्या 'तिलावा'ला २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवले, २८० माणसे दगावली, आणि त्यांच्या वारसांनी आता बरीच माहिती एकत्र केली आहे.

तेव्हा समुद्रावर नाही, जमिनीवर शोधावे, असे आम्ही सुचवू. माणूस गेला की त्याच्या नावची जमीन वारसांच्या नावे करावी लागे. गावच्या फेरफार नोंदीत 'मयत' आणि वारसांची नावे मिळू शकतात. फक्त अपघाताच्या सालाशीच थांबू नका. सात वर्षे ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत मानावा, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, म्हणून पुढची आठ-दहा वर्षे पाहावीत. कोकणातली जुनी दप्तरे मोडीत असतात, इकडची कानडीत. वाचणारा माणूस आधी शोधलेला बरा.

दिवस हाती आला की त्या आठवड्याची वर्तमानपत्रे पाहावीत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपली जुनी पुस्तके आणि वर्तमानपत्रे 'ग्रंथ संजीवनी' या संग्रहात संगणकावर आणली आहेत, त्यामुळे काही काम घरबसल्या होते.

पूर्वज उतारू नसून बोटीवर खलाशी असतील आणि काळ महायुद्धाचा असेल, तर मात्र आशा बरीच जास्त. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने जपली आहेत. मुंबईला मस्जिद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात त्यांचे स्मारक आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर बोटीचे नाव आणि मृत्यूची तारीख मिळते, पुष्कळदा वडिलांचे नाव आणि गावही. मात्र आडनावाने शोधू नका, ते बहुधा नोंदलेलेच नसते. गोऱ्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिलेले असते. सखाराम किंवा विठ्ठल चार-पाच वेगवेगळ्या इंग्रजी स्पेलिंगांनी टाकून पाहावे, आणि सोबत वडिलांचे नाव द्यावे.