कागदोपत्री पोरकी

अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर २०१८ च्या मे-जून महिन्यांत दोन हजारांहून अधिक स्थलांतरित मुलांची त्यांच्या आईवडिलांपासून ताटातूट करण्यात आली, आणि एवढे सगळे घडवून आणण्यासाठी तिथल्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, एकही नवा कायदा करावा लागला नाही. अधिकृत नाका टाळून परवान्याविना सीमा ओलांडणे हा त्या देशात १९२९ पासून फौजदारी गुन्हा आहे. तरी पहिल्या खेपेला तो जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या कैदेचा, किरकोळ प्रतीचा गुन्हा समजला जातो, आणि मुलाबाळांसह आलेल्यांवर तो सहसा लावला जात नसे. त्यांचे प्रकरण स्थलांतर न्यायालयाकडे जाई, जिथला खटला दिवाणी स्वरूपाचा असतो आणि जिथे प्रश्न शिक्षेचा नसून देशात राहू द्यायचे की परत पाठवायचे एवढाच असतो. ६ एप्रिल २०१८ रोजी ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी ‘झिरो टॉलरन्स’ धोरण जाहीर केले, म्हणजे अशा रीतीने आत शिरलेल्या प्रत्येक प्रौढावर अपवाद न करता फौजदारी खटला भरण्यास सांगितले, आणि जुन्याच कलमाची अंमलबजावणी बदलताच कुटुंबातली माणसे वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात विभागली गेली.

हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी आणखी दोन कायद्यांकडे पाहावे लागते, आणि गंमत अशी की ते दोन्ही मुलांच्या भल्यासाठी केलेले आहेत. २००२ च्या कायद्याने ‘एकाकी परदेशी बालक’ अशी एक वर्गवारी ठरवली: अठरा वर्षांखालील, कायदेशीर दर्जा नसलेले आणि ज्याची काळजी घेण्यास आई, वडील वा पालक देशात उपलब्ध नाहीत असे मूल. अशा मुलांना सीमा पोलिसांच्या कोठडीत कुजत ठेवू नये, तर बहात्तर तासांच्या आत आरोग्य खात्याच्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे सोपवावे, असे मानवी तस्करीविरोधी कायद्याने २००८ साली बंधन घातले. आता आईला फौजदारी कोठडीत नेले की ती मुलाची काळजी घेण्यास उपलब्ध नाही हे उघडच आहे, म्हणून काही तासांपूर्वी तिच्या कडेवर असलेले मूल कागदोपत्री एकाकी ठरे आणि शेकडो मैलांवरच्या आश्रयगृहात रवाना होई. ज्या तरतुदी खरोखरच एकट्या आलेल्या मुलांच्या रक्षणासाठी लिहिल्या होत्या, त्यांचाच वापर मुलांना एकटे पाडण्यासाठी झाला.

ही ताटातूट म्हणजे कायदा पाळताना झालेला नाइलाजाचा परिणाम होता, असे समर्थन पुढे करण्यात आले. पण ते टिकत नाही. मार्च २०१७ मध्येच तत्कालीन अंतर्गत सुरक्षामंत्री जॉन केली यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, लोकांनी येऊ नये म्हणून मुलांना वेगळे करण्याचा विचार चालू असल्याचे सांगितले होते, आणि त्याच वर्षी जुलै ते नोव्हेंबर या काळात सीमेवरच्या एल पासो विभागात या पद्धतीची चाचणीही घेण्यात आली होती. टेक्सासमधील मॅकॅलनच्या न्यायालयात तर एकेका सुनावणीला डझनावारी माणसे एकत्र गुन्हा कबूल करीत, भोगलेली कैद हीच शिक्षा समजून त्यांना त्याच दिवशी सोडले जाई, आणि ती सीमा पोलिसांच्या केंद्रावर परत येत तेव्हा अनेकांची मुले तिथून हलवलेली असत. खटला हेच कारण असते तर खटला संपताच मूल परत मिळायला हवे होते. ते मिळाले नाही, यावरून मुलाला दूर नेणे हीच खरी शिक्षा होती आणि खटला हे तिचे निमित्त होते, असा निष्कर्ष काढावा लागतो. हेतू जरब बसवण्याचा होता, आणि ती बसवण्याचे साधन म्हणून पाच-सात वर्षांच्या पोरांचा वापर करण्यात आला.

मुले वेगळी करण्याची व्यवस्था झाली, पण ती पुन्हा जोडण्याची कोणतीही व्यवस्था आधी केलेली नव्हती, ही या प्रकरणातली सर्वांत संतापजनक बाब म्हणावी लागेल. आईवडिलांची नोंद अंतर्गत सुरक्षा खात्याकडे, मुलांची नोंद आरोग्य खात्याकडे, आणि कोणते मूल कोणाचे हे सांगणारी दोघांची सामाईक नोंदवही नाही, असा कारभार होता. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या स्वतःच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे अंतर्गत तपासणी करणाऱ्या स्वायत्त अधिकाऱ्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये नोंदवले की बोलताही न येणाऱ्या तान्ह्या मुलांना हलवताना त्यांच्या मनगटावर ओळखपट्टी बांधण्याचीही पद्धत नव्हती. या ताटातुटीविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी आपल्या आदेशात अशा अर्थाची टिप्पणी केली की, अटकेतल्या माणसाच्या पैशांची आणि चीजवस्तूंची जेवढी काटेकोर नोंद ठेवली जाते तेवढीही या मुलांची ठेवली गेली नाही.

सॅब्रॉ यांच्यापुढचा हा दावा अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने चालवला होता, आणि त्यातली मूळ फिर्यादी काँगोहून आलेली एक आई होती. ती नोव्हेंबर २०१७ मध्ये सॅन डिएगोजवळच्या सॅन इसिद्रो या अधिकृत नाक्यावर स्वतः हजर झाली होती. तिने आश्रय मागितला होता, म्हणजे मायदेशी छळ होण्याची भीती असल्याने संरक्षण द्यावे अशी विनंती केली होती, आणि तशी विनंती करण्याचा हक्क १९८० च्या अमेरिकन निर्वासित कायद्यानेच दिलेला आहे. तिने कोणताही गुन्हा केला नव्हता, तरी तिची लहान मुलगी शिकागोला पाठवण्यात आली आणि आई कॅलिफोर्नियात स्थानबद्ध राहिली. २६ जून २०१८ रोजी सॅब्रॉ यांनी पाच वर्षांखालील मुले चौदा दिवसांत आणि बाकीची तीस दिवसांत आईवडिलांकडे परत द्यावीत, असा आदेश दिला.

या काळात देशभर विरोधाची लाट उसळली होती. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तत्कालीन अध्यक्ष कॉलीन क्राफ्ट यांनी या धोरणाला सरकारमान्य बालछळ ठरवले. आईला हाका मारून रडणाऱ्या मुलांचे ध्वनिमुद्रण ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने १८ जून रोजी प्रसिद्ध केले. चेन्नईत जन्मलेल्या लोकप्रतिनिधी प्रमिला जयपाल यांना २८ जून रोजी सिनेटच्या इमारतीत ठिय्या आंदोलन करताना अटक झाली. आणि ३० जून रोजी सातशेहून अधिक ठिकाणी मोर्चे निघाले. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जूनलाच कार्यकारी आदेश काढून ताटातूट थांबवण्याची घोषणा केली होती, पण तो आदेश बारकाईने वाचला तर त्यात कुटुंबांना मोकळे करण्याची नव्हे, तर एकत्र कोंडण्याची तरतूद दिसते. विरोध करणाऱ्यांपैकी पुष्कळांना इथे आपण जिंकलो असे वाटले, आणि नेमका इथेच प्रश्न अधिक अवघड झाला.

अख्खे कुटुंब एकत्र कोंडण्याचा प्रयोग नवा नव्हता, आणि तो एकाच पक्षाचाही नव्हता. २०१४ साली ग्वातेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर या मध्य अमेरिकी देशांतून येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली, तेव्हा बराक ओबामांच्या सरकारने न्यू मेक्सिकोतील आर्टेशिया, टेक्सासमधील कार्न्स आणि नंतर डिली इथे अशी केंद्रे उघडली. डिलीची क्षमता २,४०० होती आणि कार्न्स व डिली ही दोन्ही खासगी तुरुंग कंपन्यांकडे होती. इतरांना धाक बसावा एवढ्यासाठी आश्रय मागणाऱ्या कुटुंबांना कोंडून ठेवता येणार नाही, असे वॉशिंग्टनच्या एका न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये बजावले. त्याच वर्षी लॉस एंजलिसच्या न्यायाधीश डॉली गी यांनी फ्लोरेस समझोता आईवडिलांसोबत आलेल्या मुलांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. हा समझोता म्हणजे १९८५ च्या एका दाव्यातून १९९७ साली निघालेला तडजोडनामा असून, मुलांना विनाविलंब सोडावे आणि तोवर परवानाधारक बालगृहाच्या दर्जाच्या जागी ठेवावे, असे बंधन तो सरकारवर घालतो. व्यवहारात त्यातून वीस दिवसांची मर्यादा रूढ झाली. ट्रम्प सरकारने पुढे याच मर्यादेकडे बोट दाखवून, मूल कोंडता येत नाही म्हणून ते वेगळे करावे लागते, असा युक्तिवाद केला. मूल आणि आई दोघांनाही सोडणे हा तिसरा मार्ग त्यात गृहीतच धरलेला नव्हता.

त्या मार्गावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की सोडलेली कुटुंबे गायब होतात आणि तारखेला येत नाहीत. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर अनुभवातूनच द्यावे लागते, आणि तसा अनुभव उपलब्ध आहे. जानेवारी २०१६ ते जून २०१७ या काळात पाच महानगरांत एक कार्यक्रम राबवला गेला, ज्यात आश्रय मागणाऱ्या कुटुंबाला सामाजिक कार्यकर्ता नेमून दिला जाई आणि तो सुनावणीची तारीख, वकिलाचा पत्ता, मुलांची शाळा, दवाखाना या सगळ्यांची माहिती देऊन पाठपुरावा करी. ठरलेल्या हजेऱ्यांचे प्रमाण ९९ टक्के भरले. दर कुटुंबामागे दिवसाला सुमारे ३६ डॉलर खर्च आला, तर स्थानबद्धता केंद्रात एकेका माणसामागेच तो तीनशे डॉलरच्या आसपास जात होता. (हा कार्यक्रम चालवणारी कंपनी कार्न्सचे केंद्र चालवणाऱ्या उद्योगसमूहाचीच उपकंपनी होती, त्यामुळे त्यावर भाबड्या सेवाभावाचा आरोपही करता येत नाही.) ट्रम्प सरकारने तो खर्चाचे कारण देऊन बंद केला. स्थानबद्धतेत मुलांना थोडा काळ ठेवणेही सुरक्षित असल्याचा पुरावा नाही, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०१७ मध्येच लिहून ठेवले होते.

विरोध रस्त्यावर झाला, तरी मदत मात्र बहुतांशी कागदाशी झुंजण्यातूनच झाली. स्थलांतर न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, मग प्रकरण तीन वर्षांच्या मुलाचे का असेना. आणि जामिनाची किमान रक्कम कायद्यानेच १,५०० डॉलर ठरलेली आहे. जून २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका जोडप्याने नेमकी तेवढीच रक्कम, म्हणजे एका माणसाचा जामीन, गोळा करण्यासाठी फेसबुकवर आवाहन केले आणि टेक्सासमधील रायसेस या कायदेसाहाय्य संस्थेकडे थोड्याच दिवसांत २ कोटी डॉलर जमा झाले. एल पासोतील अनन्सिएशन हाउस आणि मॅकॅलनमधील सिस्टर नॉर्मा पिमेंटेल यांचे केंद्र यांसारख्या कॅथलिक संस्थांनी सुटून आलेल्यांना जेवण, आंघोळ, कपडे आणि नातेवाइकांकडे जाणाऱ्या बसचे तिकीट मिळवून दिले. ओरेगॉनमधील शेरिडनच्या तुरुंगात ठेवलेल्या १२३ पुरुषांत जवळपास निम्मे भारतीय, आणि तेही मुख्यतः पंजाबी शीख होते. त्यांना वकिलांना भेटू द्यावे यासाठी स्थानिक संघटनांना न्यायालयात जावे लागले, आणि जून २०१८ च्या अखेरीस तसा आदेशही मिळाला.

सर्वांत खडतर काम मात्र ज्यांना मुलाविना मायदेशी पाठवून दिले होते अशा चारशेहून अधिक पालकांना शोधण्याचे होते. हा शोध दावेदार संघटनेनेच घ्यावा, असे सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये सुचवले, तेव्हा ही जबाबदारी शंभर टक्के सरकारची असल्याचे सॅब्रॉ यांनी सुनावले. तरीही प्रत्यक्ष पायपीट वकिलांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या समितीलाच करावी लागली. कागदावर असलेले फोन बंद पडलेले, पत्ते अर्धवट, आणि ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातल्या पुष्कळ कुटुंबांची भाषा स्पॅनिश नसून माम किंवा किचे यांसारखी माया भाषा. ‘जस्टिस इन मोशन’ या संस्थेशी जोडलेले स्थानिक वकील आणि कार्यकर्ते गावोगाव जाऊन दारे ठोठावत राहिले, आणि ताटातुटीचा आकडाही मागे मागे जाऊन वाढत राहिला: प्रारंभी न्यायालयाला २,७३७ मुलांची यादी मिळाली होती, पण धोरण जाहीर होण्यापूर्वीच वेगळी केलेली आणखी हजारो मुले असल्याचे जानेवारी २०१९ मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी उघड केले आणि एकूण संख्या पाच हजारांच्या पुढे गेली. ऑक्टोबर २०२० मध्येही ५४५ मुलांचे आईवडील सापडलेले नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये सॅब्रॉ यांनी मान्य केलेल्या तडजोडनाम्याने सरहद्दीवर अशी ताटातूट करण्यास आठ वर्षांची बंदी घातली आणि पुन्हा भेटलेल्या कुटुंबांना मानसोपचार, तात्पुरता राहण्याचा परवाना आणि कायदेसाहाय्य देण्याचे सरकारने कबूल केले. जो बायडन यांनी २०२१ मध्ये नेमलेला पुनर्मीलन कार्यगट जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पदावर येताच रद्द केला, बंद पडलेले डिलीचे केंद्र त्याच वर्षी कुटुंबांसाठी पुन्हा उघडले, आणि जुलैमध्ये संमत झालेल्या कायद्याने स्थानबद्धतेसाठी ४,५०० कोटी डॉलर मंजूर झाले. तडजोडनाम्याप्रमाणे ज्या संस्थेमार्फत या कुटुंबांना वकील मिळत होते तिचे कंत्राट सरकारने मध्येच संपवले, तेव्हा दावेदार संघटनेला पुन्हा त्याच न्यायाधीशांकडे जावे लागले, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी तो कराराचा भंग ठरवून सेवा पूर्ववत करण्यास सांगितले. परवान्याची मुदत संपण्याआधी अर्ज भरून देणारा माणूस नसेल, तर २०१८ मध्ये तोडलेले आणि मोठ्या कष्टाने जोडलेले कुटुंब पुन्हा हद्दपारीच्या यादीत येऊ शकते. म्हणून दावा दाखल झाल्याला सात वर्षे उलटल्यावर, २०२५ मध्येही, त्याच खटल्याच्या तारखा पडत होत्या.