पांढऱ्या पानामागची चूक

रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड हे शास्त्री नदीच्या मुखावरचे गाव. किल्ला, दीपगृह, बंदर आणि खाडीपलीकडच्या तवसाळला जाणारी फेरीबोट ही त्याची ओळख. सातबाराचा उतारा, विजेचे देयक, रेल्वेचे आरक्षण यांसाठी येथील रहिवाशाला आता दरवेळी रत्नागिरी गाठावी लागत नाही. ही कामे मोबाइलवरही होतात. मात्र अर्ज भरला, शुल्क भरण्याचे बटण दाबले, नेमकी तेव्हाच रेंज गेली आणि पडद्यावर नुसते पांढरे पान उरले, तर? पैसे गेले की नाही, अर्ज पोहोचला की नाही, बटण पुन्हा दाबावे की थांबावे, यांपैकी कशाचेच उत्तर त्या पानावर नसते. शहरातील वेगवान इंटरनेटवर संकेतस्थळ बांधणाऱ्या तंत्रज्ञाच्या नजरेस हा प्रसंग कदाचित कधी पडतही नाही.

हे पांढरे पान येते कोठून, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली, ती पानावरील किरकोळ हालचालींसाठी. त्या काळी पानाचा मजकूर सर्व्हरवरून तयार होऊन येई. जावास्क्रिप्ट बिघडली तरी तो वाचता येत असे. पुढे ही भाषा संपूर्ण पान रचू लागली आणि २००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसमुळे सर्व्हरवरही प्रस्थापित झाली. प्रत्येक संकेतस्थळ पहिल्या विटेपासून बांधावे लागू नये म्हणून तयार सांगाडे निर्माण झाले. त्यांनाच ‘फ्रेमवर्क’ म्हणतात. सर्व्हरसाठी एक्सप्रेस (२०१०) आणि पडद्यावरील रचनेसाठी रिॲक्ट (२०१३) व व्ह्यू (२०१४) ही त्यांतील परिचित नावे. रिॲक्ट स्वतःला ‘लायब्ररी’ म्हणवते, पण कामाच्या दृष्टीने ते याच पंक्तीतले.

पान ब्राउझरमध्येच रचले जाऊ लागल्यावर रचना करणारी आज्ञावली अडखळली, की दाखवायला काही उरत नाही. रिॲक्टच्या २०१७ मधील सोळाव्या आवृत्तीने तर न पकडलेली चूक आढळल्यास संपूर्ण रचनाच काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले. त्यामागे विचार होता: पैशांच्या व्यवहारात चुकीची रक्कम दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणे बरे. मात्र त्याच आवृत्तीत ‘एरर बाउंडरी’ हा उपायही दिला गेला. जहाजाचा एक कप्पा फुटला तरी पाणी सगळीकडे शिरू नये म्हणून आडभिंती घालतात, तशीच ही सोय. पानाच्या एका भागातील बिघाड तेथेच अडतो, त्या जागी सूचना दिसते आणि बाकीचे पान चालू राहते. अर्थात, बटण दाबल्यावर चालणाऱ्या किंवा सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या आज्ञावलीतील चुका ही भिंत आपोआप अडवत नाही. त्या वेगळ्या पकडाव्या लागतात.

सर्व्हरकडील अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. तेथे माहिती मागितल्यावर उत्तर काही क्षणांनी येते. त्या येणाऱ्या उत्तराच्या हमीला जावास्क्रिप्टमध्ये ‘प्रॉमिस’ म्हणतात. हमी मोडली आणि ती पकडणारे कोणी नसले, तर एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीत ग्राहकाला उत्तरच मिळत नसे. तो वाट पाहत राही. २०२० मधील नोडच्या पंधराव्या आवृत्तीपासून अशी बेवारस चूक संपूर्ण प्रक्रियाच बंद पाडू लागली. एकाच्या अर्जातील बिघाड इतरांनाही भोवू शकतो, तो असा. २०२४ मध्ये आलेल्या एक्सप्रेसच्या पाचव्या आवृत्तीत मोडलेली हमी आपोआप चूक हाताळणाऱ्या आज्ञावलीकडे जाते. बदल लहान दिसतो, पण त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहाव्या लागणाऱ्या ओळी वाचतात.

तथापि, फ्रेमवर्क चूक केवळ पकडून देते. पुढे काय करायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. वापरणाऱ्याने रकाना चुकीचा भरला असेल, तर नेमका तो रकाना दाखवावा आणि बाकीची माहिती पुसू नये. पान अस्तित्वात नसेल, तर ४०४ या सांकेतिक क्रमांकासोबत पुढे जाण्याचा मार्ग द्यावा. सर्व्हर बिघडला असेल, तर ५०० या क्रमांकामागे दडून न राहता दोष संकेतस्थळाचा आहे, हे सांगावे. पैशांच्या व्यवहाराला सुरुवातीलाच एकमेव क्रमांक द्यावा. त्याच क्रमांकाची मागणी पुन्हा आली, तर सर्व्हरने दुसऱ्यांदा पैसे न घेता आधीचेच उत्तर पाठवावे. रेंज गेल्याने दोनदा बटण दाबणाऱ्याचे संरक्षण यातच आहे.

सूचनेच्या भाषेलाही तितकेच महत्त्व आहे. मराठी अर्जाच्या शेवटी इंग्रजीतील तांत्रिक वाक्य उमटले, तर ते अनेकांना निरुपयोगी ठरते. ‘अर्ज जतन झाला आहे, शुल्क जमा झाल्याची खात्री अद्याप झालेली नाही, पुन्हा पैसे भरण्यापूर्वी या क्रमांकाने स्थिती तपासा’ एवढे तीन तुकडे पुरेसे असतात. बिघाडाचा तांत्रिक तपशील पडद्यावर मांडू नये, कारण तो घुसखोरांच्या उपयोगी पडतो. तो सर्व्हरवरील नोंदवहीत जावा, आणि त्या नोंदीत नागरिकाचा पासवर्ड वा बँकेचा तपशील नसावा.

संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी एक साधी चाचणी प्रत्येक तंत्रज्ञाला करता येते. अर्ज अर्धा भरून झाल्यावर इंटरनेट बंद करावे आणि पडद्यावर काय उरते ते पाहावे. त्या क्षणी काय झाले आणि आता काय करावे, ही दोन वाक्ये जेथे दिसतात, ते संकेतस्थळ जयगडच्या नागरिकाच्याही कामाचे.