मिठीकाठचं जंगल आणि काळा किल्ला

मिठी नदीच्या गाळाचे हिशेब सध्या सतत कानावर पडतात. ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा तपास सुरू आहे, पावसाळ्याआधीच्या मुदती आहेत, आरोप-प्रत्यारोप आहेत. या गदारोळात मिठी म्हणजे उपसायचा नाला, ही समजूत पक्की होत चालली आहे. ती मोडायची असेल, तर एखाद्या सकाळी सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात चालायला जा.

हे ३७ एकरांचं जंगल मुंबईच्या कचऱ्यावर उभं आहे. १९७७ पर्यंत इथे शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं. १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिलं झाड लागलं, १९९१ मध्ये जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज पायवाटांवर दाट सावली असते आणि नदीच्या अंगाला तिवरं आहेत.

पण इथवर येऊन निव्वळ झाडं आणि पाखरं बघून परतू नये. जवळच धारावीत रिवा किल्ला आहे. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात, बेस्टच्या आगारालाही तेच नाव आहे. गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या आदेशावरून तो बांधल्याचं त्यावरच्या शिलालेखात नोंदलं आहे, आणि साल आहे १७३७. हे साल महत्त्वाचं आहे. मिठीची खाडी ही तेव्हा सरहद्द होती. दक्षिणेला इंग्रजांची मुंबई आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि साष्टीत पाय रोवले. दोन वर्षांत चिमाजी अप्पांनी वसईही जिंकली. अशा वेळी इंग्रजांना हा काठ राखणं भागच होतं. माहीम-वांद्रे कॉजवे झाला तो थेट १८४५ मध्ये, लेडी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. तोवर लोक माहीम-वांद्र्यादरम्यान नावेनंच खाडी ओलांडत.

एकेकाळी दोन सत्तांना अलग ठेवणाऱ्या या पाण्याचं पात्र आपण वांद्रे-कुर्ला संकुलासाठी भराव घालून आवळलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भरतीच्या वेळी मिठीला पसरायला जागाच उरली नाही. गाळ काढणं गरजेचं आहेच, पण नुसत्या उपशानं नदी सुधारत नाही. तिला तिचा काठ परत द्यावा लागतो. तो देता येतो, याचा पुरावा उद्यानाच्या रूपानं समोर उभा आहे.

धारावीच्या पुनर्विकासाचे नकाशे आता आखले जात आहेत. त्यात काळा किल्ला ते निसर्ग उद्यान अशी सलग, सावलीची पायवाट हवी. किल्ल्याभोवती मोकळी जागा हवी आणि त्याचा इतिहास सांगणारा मराठी फलकही हवा. दाटीवाटीत आयुष्य काढलेल्या धारावीकरांचा या काठावर पहिला हक्क आहे, आणि तो त्यांना नव्या इमारती उठण्याआधीच कागदावर लिहून मिळाला पाहिजे.