तेराव्या वर्षी प्रवेश, तयारी दहाव्या वर्षी!

परवा एका ताईंचा फोन आला. "मुलगा सातवीत आहे. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या बोर्डिंगला घालायचाय." मी म्हटलं, "ताई, जरा उशीर झालाय."

तिथे प्रवेशाची वयं मुख्यतः ११, १३ आणि १६. तेराव्या वर्षाच्या प्रवेशासाठी अनेक नामांकित शाळा दहा-अकराव्या वर्षीच चाचणी घेतात.

त्यातली 'आयएसईबी'ची (तिथल्या खासगी शाळांच्या परीक्षा मंडळाची) पूर्वचाचणी संगणकावर होते: इंग्रजी, गणित, शाब्दिक आणि अशाब्दिक तर्क. उत्तरं बरोबर येत गेली की प्रश्न अवघड होत जातात.

मुलाखतीत पाठ केलेली उत्तरं लगेच उघडी पडतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच गृहपाठ देते: रोज वाचा आणि जेवताना त्यावर घरच्यांशी वाद घाला!

शिवाय मुलासाठी ब्रिटनमध्ये राहणारा पालक-प्रतिनिधी बहुतेक शाळा मागतातच.

त्या ताईंना सोळाव्या वर्षाचा, ए-लेव्हलचा (आपल्या अकरावी-बारावीच्या पातळीचा) मार्ग सुचवलाय.

काही शंका? बिनधास्त विचारा.