बादलीभर पाण्यात पुणे!

पाण्याला कामाला जुंपणं छत्रपती संभाजीनगरला नवं नाही. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणायचं आणि त्यावर दळण दळायचं, ही इथल्या पाणचक्कीची करामत. आता शास्त्रज्ञ उन्हानं पाणी फोडून हायड्रोजन काढू पाहताहेत. पाणी फोडण्याचं हे काम झाडाचं पान रोजच करतं, म्हणून याला म्हणायचं कृत्रिम प्रकाशसंश्लेषण.

९ लिटरला १ किलो. एक किलो हायड्रोजनसाठी ९ लिटर शुद्ध पाणी पुरतं आणि किलोभर हायड्रोजनवर मोटार साधारण १०० किलोमीटर धावते. इथून पुणं सुमारे २३५ किलोमीटर, म्हणजे मोठी बादलीभर पाणी! नळाला पाणी कधी येणार याचे दिवस मोजणाऱ्या आपल्या शहरानं हा हिशेब जरूर लक्षात ठेवावा.

भिंतीचा रंग. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी प्रकाशात पाणी फोडून दाखवलं ते टायटॅनियम डायऑक्साइडवर. तुमच्या पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये आणि टूथपेस्टमध्ये असतो तोच हा पदार्थ. अडचण त्याच्या पांढरेपणातच आहे. दिसणारा सगळा उजेड तो परतवून लावतो आणि फक्त अतिनील किरण पितो. उन्हात ते असतात जेमतेम ४-५ टक्के.

पुण्यातली पानं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नकोंडा गोपीनाथ यांच्या गटानं यावर उपाय म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडला सोन्याच्या नॅनोकणांची जोड देऊन कृत्रिम पान घडवलं. पाषाणच्या सी-मेट या संशोधन संस्थेत भारत काळे यांनी तर सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडमधूनच उन्हात हायड्रोजन काढला. टाकाऊ वायूतून इंधन, मला हे फार आवडलं.

गच्चीएवढा प्रयोग. २०२१ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या काझुनारी डोमेन यांच्या गटानं १०० चौरस मीटर पॅनेलांवर उन्हानं पाणी फोडून दाखवल्याचं जाहीर केलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र निघतात आणि हे मिश्रण स्फोटक असतं, म्हणून ते पडद्यातून वेगळे केले. उन्हातली ऊर्जा इंधनात उतरली ती मात्र जास्तीत जास्त ०.७६ टक्के.

एवढी गच्ची आपल्याकडे असती तर? चौरस मीटरला दिवसाकाठी साडेपाच युनिट ऊन धरलं, तर रोज सव्वाशे ग्रॅम हायड्रोजन मिळेल. क्रांती चौकातून चिकलठाणा विमानतळ गाठायला तेवढा पुरे. पाणी फोडणारा पदार्थ, म्हणजे उत्प्रेरक, सुधारून ऊर्जा इंधनात उतरण्याचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं, तर त्याच गच्चीवर दीड दिवसाच्या उन्हात पुणं.