खाऱ्या पाण्यातील माशांचे त्वचारोग



वसंतातल्या व्याख्यानांत आपण संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत पुष्कळ काही ऐकले असेल. माशाच्या खरजेवर बोलायला उभा राहिलेला पहिला वक्ता बहुधा मीच असेन. मी मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे, केवळ हौशी माणूस. चुकांतून जे शिकलो तेवढेच सांगतो.

आपल्यापैकी कित्येकांना समुद्रातले रंगीत मासे प्रथम भेटले ते चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. पुढे 1961 साली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था निघाली. ती वर्सोव्याला आहे, म्हणजे माशांचे आरोग्य हा आपल्या अंधेरीतलाच अभ्यासविषय झाला. आता तर मुलुंड-घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरांतही खाऱ्या पाण्याची टाकी दिसते. पण गोल्डफिश शेकडो वर्षे माणसाच्या सहवासात वाढला, तसे या माशांचे नाही. यांतले बहुतेक प्रवाळखडकांतून पकडून आणलेले असतात. त्यामुळे तो मेला की दुसरा आणू, हे म्हणणे मला तरी जड जाते.

माझा पहिला निळा सर्जनमासा आजारी पडला तेव्हा त्याच्या अंगावर रव्याचे दाणे उडावेत तसे पांढरे ठिपके आले. तो खडकाला अंग घाशी. गोड्या पाण्यातल्या माशांना असेच ठिपके येतात आणि त्यावर चिमूटभर मीठ व थोडी ऊब हा घरोघरचा उपाय आहे. इथे मीठ घालून उपयोग काय? पाणी आधीच खारे! म्हणून एका दुकानदाराच्या सल्ल्याने मोरचुदाचे औषध सरळ टाकीत ओतले. सकाळपर्यंत सगळ्या कोळंब्या मेल्या. तिसऱ्या दिवशी मात्र ठिपके नाहीसे झाले, आणि मी घरात विजयी मुद्रेने वावरू लागलो. दहा-बारा दिवसांत टाकीतला एकही मासा ठिपक्यांवाचून उरला नाही.

हे कसे घडले ते समजले म्हणजे निम्मा रोग समजला. ठिपका म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशी जीव. जपानच्या सिकामांनी 1937 साली या रोगाचे वर्णन केले. नाव दिले ते ब्राउन यांनी, 1951 साली. हा जीव माशाच्या कातडीवर नव्हे, कातडीच्या वरच्या थराखाली बसतो आणि तीन ते सात दिवस तिथेच पोसतो. तिथे त्याला औषध लागू पडत नाही. मग तो आपण होऊन गळतो, वाळूत कोश बांधतो आणि आत विभागत राहतो. त्या एका कोशातून दीड-दोनशे पिल्ले बाहेर पडू शकतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध मारते ते याच पोहत्या पिल्लांना. तेव्हा ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असे नव्हे. पाहुणे जेवून उठले आणि बिऱ्हाड वाढवायला गेले, एवढेच!

पण प्रत्येक पांढरा डाग याच रोगाचा नसतो. अंधारात विजेरी तिरपी धरून पाहावे. रव्याऐवजी पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक भुकटी दिसली, मासा धापा टाकीत असला, तर तो अमायलोओडिनियम. हा कल्ल्यांवर आधी बसतो आणि दोन-चार दिवसांतही टाकी रिकामी करतो. इथे ‘उद्या पाहू’ चालत नाही. क्लाउनमाशाच्या अंगावरून बुळबुळीत साल सुटू लागली तर ब्रुकलिनेला. त्यावर फॉर्मॅलिन लागते, आणि ते माणसालाही विषारी, म्हणून जाणत्याच्या हातूनच. परांच्या कडेला फुलकोबीसारखी गाठ आली तर तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही, लागतही नाही. चांगले अन्न आणि स्वच्छ पाणी द्यावे, गाठ बहुधा आपोआप झडते.

ही पारख कशाला करायची? उपाय वेगळे आहेत म्हणून. रव्यासारख्या ठिपक्यांवर एक सुंदर उपाय म्हणजे मीठ कमी करणे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, माशाच्या रक्तात जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके. म्हणून समुद्रातला मासा सतत पाणी गमावतो आणि सतत पितो. पाणी दोनेक दिवसांत हळूहळू 15-16 ग्रॅमवर आणले तर माशाचे श्रम उलट हलके होतात. परजीवीला मात्र ते सोसत नाही. असे तीन आठवडे ठेवावे. अमायलोओडिनियमला याने काहीच होत नाही; त्याला तांबेच हवे, लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, रोज मोजून, दोन-तीन आठवडे. कमी पडले तर रोग उरतो, जास्त झाले तर मासा जातो.

दोन्ही उपाय वेगळ्या टाकीत करायचे. प्रवाळ आणि कोळंबी यांना ना तांबे सोसते, ना अळणी पाणी. शिवाय वाळू व खडक तांबे शोषून घेतात आणि मापाचा हिशेब चुकतो. मुख्य टाकी तोवर माशांवाचून ठेवावी. किती दिवस? कोशातून पिल्ले 72 दिवसांनीही बाहेर पडल्याची नोंद आहे, म्हणून मी अडीच महिने थांबतो. घरचे विचारतात, पाण्याला कसले वीजबिल भरतोस?

कोणी म्हणेल, समुद्र जवळ आहे, पाणी तिथूनच आणावे. वर्सोव्याचे पाणी गढूळ, सांडपाणी मिसळलेले, पावसाळ्यात खाडीजवळ त्याचा खारेपणाही उतरतो. विकतचे मीठ नळाच्या पाण्यात मिसळणे बरे, फक्त आधी क्लोरीन घालवायला हायपोचे थेंब टाकावेत.

नवा मासा आणला की आजारी असो वा नसो, त्याला महिनाभर साध्या टाकीत ठेवावे. वाळू नको, लपायला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा पुरे. मात्र त्याची जाळी वेगळी ठेवा, आणि एका टाकीत घातलेला ओला हात दुसऱ्या टाकीत घालू नका.